सदरा काढ!

आमच्या गावात कुणाच्या घरी बाळ आलं, की दोन-चार दिवसांत व्यंकट पैलवान तिथे हजर. हातात ना झबलं, ना टोपडं. उंबरा ओलांडायचा आणि बाळाच्या बापाला हुडकून काढायचं. बाप गोठ्यात असो, मोबाइलमध्ये डोकं घालून असो, नाहीतर सासुरवाडीत लाजून कोपऱ्यात बसलेला असो, पैलवानांचा त्याला पहिला शब्द एकच. "सदरा काढ!"

नवख्या माणसाला वाटतं, आता कुस्ती लागणार. मागच्या वर्षी निलंग्याकडचा एक जावई हातातला चहा तसाच ठेवून मागच्या दारानं सटकला होता. सासऱ्यानं त्याला धरून आणला. पाच मिनिटांनी तोच जावई उघड्या अंगानं भिंतीला टेकून बसलेला, त्याचं दोन किलो शंभर ग्रामचं लेकरू छातीशी उभं धरलेलं, वरून बायकोची जुनी मऊ साडी गुंडाळलेली, आणि पैलवान समोर पंचासारखे उभे. "मान एका बाजूला ठेव. नाक उघडं राहू दे. हां. आता लई हालू नको, पण धोंड्यावानीबी बसू नको."

व्यंकट पैलवान म्हणजे एके काळी आमच्या मुखेड तालुक्यातलं नाव. आता सत्तरीला टेकलेत. कान मोडलेले, मान अशी की सदऱ्याचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलं नाही. जत्रेतल्या निकाली कुस्तीत त्यांनी चांदीचं कडं जिंकलं होतं. ते मनगटात इतकं रुतलं होतं, की "हे आता मयतीलाच निघंल" असं ते छाती फुगवून सांगायचे. ते कडं त्याआधीच निघालं, आणि ते काढणाऱ्यांत मी होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त गुरुजी. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे.

त्याला आता आठ वर्षं झाली. पैलवानांची सून सुशीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दिवस भरायच्या दोन महिने आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, एक किलो तीनशे ग्राम. पैलवानांचा एकुलता मुलगा मारोती पुण्याला कंपनीत. तो धावत आला, रजा संपली तसा परत गेला. सुशीलाचा रक्तदाब उतरेना, ती दुसऱ्या वॉर्डात. पैलवानीणबाईंना जुना खोकला, म्हणून त्यांना बाळाजवळ जाऊ देईनात. आणि मी होतो तो कागद वाचायला.

दहा-बारा दिवस पोरगी काचेच्या पेटीत होती. मग एक दिवस सिस्टर बाहेर आली. "बाळाला आता घरच्या माणसाच्या अंगाची ऊब द्यायची. कातडीला कातडी लावून. आईला अजून उठता येत नाही. कोण आहे तुमच्यात?" पैलवानांनी माझ्याकडे पाहिलं, मी पैलवानांकडे. मला नेमकी सर्दी झाली होती. सर्दीचे इतके उपकार मला कधी वाटले नव्हते.

सिस्टरनं पैलवानांना आंघोळीला पाठवलं, नखं काढायला लावली, तंबाखूची डबी काढून घेतली. ती डबी त्यांनी पुन्हा मागितली नाही. मग सिस्टरचं बोट मनगटाकडे वळलं. "हे काढा. बाळाला लागेल." साबण झाला, तेल झालं. अर्धा तास एक वॉर्डबॉय आणि मी कडं ओढत होतो, आणि पैलवान आम्हालाच डाव शिकवत होते. "असं न्हाई गुर्जी, अंगठा आत घ्या!" शेवटी निघालं. मनगटाची सालं निघाली ती वेगळी.

दाराबाहेरून मी पाहत होतो. सिस्टरनं ते एवढंसं बाळ पुढे केलं. पैलवानांनी हात पुढे केले आणि एकदम वळून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत.

"आजोबा, मागं कोण आहे?"

"कोन न्हाई," म्हणाले आणि पोरीला घेतलं. मला वाटलं, पैलवान माणसाची खोड असेल. पाठीमागून कुणी पाय धरून पट काढेल अशी धास्ती.

बसले ते असे की श्वाससुद्धा घेईनात. "आजोबा, श्वास घ्या!" सिस्टर ओरडली. "जागी हुईल की," पैलवान कुजबुजले. ज्या माणसाचा आवाज शिवेपर्यंत ऐकू जायचा, तो कुजबुजतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दोन तासांनी बाहेर आले ते घामानं निथळत. "गुर्जी, एवढा येळ मला कुणी एका जागी दाबून धरलं न्हाई बघा. आन वजन किती? एक किलो तीनशे!"

पुढे रोज ते बसले. सुशीला सावरल्यावर ती बसायला लागली, मग सासरा आणि सून पाळ्या लावून बसले. पोरगी वाढली, घरी आली, शिवानी तिचं नाव. कडं पुन्हा मनगटात गेलं नाही. त्याचे शिवानीला वाळे झाले.

तेव्हापासून पैलवानांनी गावात ही नवी तालीम काढली. सुरुवातीला पारावर लोक खिदळायचे. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "बापयाच्या छातीला काय दूध येतंय का?" पैलवान म्हणाले, "दूध आईचंच. ऊब देयाला काय मिशी आडवी येती का?" घरोघरी बाळंतिणींची विचारपूस करणाऱ्या आमच्या गावच्या आशाताईंना आधी ही लुडबूड वाटायची. आता कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्या आधी पैलवानांना निरोप देतात. त्या म्हणतात, "मी दोन तास घसा कोरडा करते, ते पैलवानांच्या दोन शब्दांत होतं." एरवी पैलवानांना मुलांची नावं ध्यानात राहत नाहीत, वजनं राहतात. शाळेच्या वाटेवर हाका मारतात, "काय एक-नऊशे, डबा घेतला का?" पोरंही ओ देतात.

एक नियम मात्र कडक. दुसऱ्याच्या बाळाला ते स्वतः हात लावत नाहीत. कुणी कौतुकानं पुढे केलं, तरी हात पाठीमागे बांधून उभे. "ज्याचं त्यानं घ्यावं." आम्ही समजायचो, स्वच्छतेसाठी असेल.

मी हे सगळं गंमत म्हणून सांगत फिरायचो. परवा-परवापर्यंत. मग माझी लेक रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच तिला नांदेडला न्यावं लागलं. मुलगी, एक किलो सहाशे. दवाखान्यात तिनं चांगलं अंग धरलं. घरी आली तेव्हा अठराशे पन्नास भरली होती. "अडीच किलो होईपर्यंत अंगावर ठेवा, जितका जास्त वेळ तितकं चांगलं," असं सांगून पाठवलं होतं. रेखा ठेवायची, पण टाके दुखायचे, झोप नाही. जावई लातूरला नोकरीला. शनिवार-रविवार येऊन इमानानं सदरा काढायचे. माझी बायको बसायची, पण तिची कंबर तासाभरात बोलायला लागायची.

आठवड्यानं आशाताईंनी झोळीचा काटा आढ्याला अडकवला, आणि काटा जवळजवळ जिथल्या तिथेच. अठराशे साठ. ताईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच. "दूध वेळच्या वेळी पाजा, आणि उबेचा वेळ वाढवा. तीन दिवसांनी परत बघू. नाही वाढलं तर नांदेडला न्यायचं," एवढंच म्हणाल्या. रेखा भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मी ओट्यावर जाऊन वर्तमानपत्र उघडलं. खरं सांगतो, त्यातली एक ओळ मला दिसत नव्हती.

समोर पैलवान उभे राहिले. "गुर्जी, सदरा काढा."

बाकी सगळ्या गावाला 'काढ', मला 'काढा'. तेवढा मान ठेवला. मी म्हणालो, मला सवय नाही. म्हणालो, हे बायकांचंच काम आहे असं नाही, पण माझे हात थरथरतात. पैलवान म्हणाले, "सर्दी हाय का?"

सर्दी नव्हती. सदरा काढला. "बनियनबी," पैलवान म्हणाले. माझ्या बरगड्यांकडे पाहून जरा नाराज झाले. "खुराक कमी पडला. पण चालंल."

नातीला माझ्या छातीवर बांधलं आणि मी भिंतीला टेकलो. बोटभर हात माझ्या गळ्याखाली हलत होता. आयुष्यभर साठ-साठ पोरांना धाक दाखवला, आणि त्या दुपारी मला एका चिमुरडीची भीती वाटली. मग थोड्या वेळानं तिचा श्वास माझ्या कातडीला लागायला लागला, एकसारखा, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पैलवान, तुम्ही मारोतीलाही असंच खेळवलं असेल."

पैलवानांनी हात पाठीमागे बांधले. "न्हाई गुर्जी. मारोतीला म्या कवा घेतलंच न्हाई. आमचे आबा दिसभर ओट्यावर बसलेले. बापाच्या समोर आपलं लेकरू उचलायचं म्हंजे निलाजरेपणा. भावाची लेकरं घ्यायचो, बहिणीची घ्यायचो. माझं रडत असलं तर वलांडून जायचो. दोन-चारदा हात पुढं केले, मागं वळून बघितलं, आबा हायतच. घेतले हात मागं." त्यांनी पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. "आबा गेले तवा मारोती बारा वर्साचा. बारा वर्साच्या पोराला काय उचलता? आता फोन येतो त्याचा, आईसंगं अर्धा घंटा बोलत बसतो. मला इचारतो, 'दादा, बरं हाय का?' मी म्हंतो, 'हाव.' झालं."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. माझ्या ओट्यावर कुणीही बसलेलं नव्हतं. तरी रेखाला मी असं कधी घेतलं नाही. मला वह्या तपासायच्या असायच्या.

त्या दिवसापासून सकाळचे तीन तास आणि दुपारचे तीन तास माझे. रेखाला झोप मिळाली, दूधही नीट यायला लागलं. तीन दिवसांनी आशाताईंनी काटा लावला. अठराशे पंचाण्णव. पैलवानांनी भर अंगणात शड्डू ठोकला, आणि बाळ दचकून जागं झालं म्हणून सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. महिन्याभरानं ती अडीच किलोची झाली.

बारशाला सगळं गाव लोटलं. पैलवानीणबाईंनी फोन केला म्हणून मारोतीही पुण्याहून सुशीला-शिवानीला घेऊन आला होता. नाव ठेवलं पूजा. बायकांचं उरकल्यावर रेखा बाळाला घेऊन अंगणात उतरली. पैलवान ओट्याच्या पायरीपाशी उभे होते, हात नेहमीसारखे पाठीमागे.

"काका, हिला आता तुम्ही घ्या."

"न्हाई बाई. ज्याचं त्यानं."

"तुमच्याच तालमीतली आहे. घ्या म्हणते ना."

पैलवानांचे हात पुढे आले. अर्ध्यात थांबले. आणि त्यांनी वळून ओट्याकडे पाहिलं.

ओट्यावर मारोती बसला होता. तो बापाकडेच पाहत होता. लहानपणी हे पुढे येणारे आणि मागे जाणारे हात त्यानं किती वेळा पाहिले असतील, हे मला त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

"घ्या, दादा," तो म्हणाला. "ओट्यावर मीच हाय."

पैलवानांनी पूजाला घेतलं. मारोतीनं सरकून जागा केली. पैलवान तिला छातीशी धरून हळूहळू पायऱ्या चढले आणि मुलाच्या शेजारी बसले.