चंद्री म्हस, सागरी जीव

"समुद्रात म्हस घालायची न्हाय म्हंजे न्हाय, मालुआक्का! शेवटचं सांगतो."

"कुठला समुद्र वो आण्णा? माझ्या सासूनं हितं गोधड्या धुतल्या. तवा ह्याला तळं म्हणत हुते."

"तवा लोक अडाणी हुते."

हे भांडण भर दुपारी, गावच्या तळ्याच्या बांधावर. एका बाजूला मारुतीराव, योजना समितीचे अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला मालुबाई आन तिची चंद्री म्हस. चंद्रीचा हिशोब साधा. दुपारी तासभर पाण्यात बसू दिलं न्हाय तर सांजच्याला धार न्हाय. आज तिसरा दिवस, चरवी कोरडी. आन मालुबाईचं घर त्या चरवीवर चालतंय.

आता समुद्र कसा तयार हुतो हे भल्याभल्या शिकल्याल्या माणसास्नी ठाऊक नसतंय. समुद्र देव करत न्हाय. समुद्र फॉर्म करतोय.

योजना लई चांगली हाय. समुद्रात एक तरंगता फलाट सोडायचा. वर सोलर आन पवनचक्की, खाली जाळीच्या पिंजऱ्यात मासे. एकाच फलाटावर वीज बी, मासळी बी. (खरंच चांगली हाय. समुद्र असंल तर.) फॉर्ममधी 'ठिकाण' ह्या रकान्यात दोनच पर्याय हुते, अरबी समुद्र आन बंगालचा उपसागर. तळं नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या सुहासनं इचारलं, "आण्णा, कुठला घालू?"

मारुतीरावानी लई इचार केला. "अरबी घाल. गोव्याला जाऊन आलोय. ओळखीचा हाय."

पुढची अट, किनाऱ्यापासनं अंतर कमीत कमी पंचवीस किलोमीटर. फलाटाची जागा काठापासनं दोन कासऱ्यांवर. पण सरकारनं अंतर सांगितलंय, वाट कुठं सांगितल्या? समितीनं बांधावरनं गाडी काढली, निपाणी स्टँडला वळसा घातला, परत तळ्यावर आले, आन टायरच्या ट्यूबवर बसून जाग्यावर पोचले. सव्वीस भरलं. (मधी मिसळ खाल्ली, ती धरली न्हाय.)

मंजुरी आली. फलाट आला. दीपगृह पायजे हुतं, तर देवळाची दीपमाळ दाखवली. भरती-ओहोटीची वही घातली, त्यात दिवसातनं चारदा 'पाणी हाय' अशी नोंद हुते. बोर्डावर कन्नड वर का मराठी वर ह्यात दोन मयनं गेले. शेवटी एका अंगाला कन्नड, एका अंगाला मराठी असं ठरलं. पण फलाट वाऱ्यानं फिरतोय. म्हणून कन्नडवाल्यास्नी मराठी दिसतंय आन मराठीवाल्यास्नी कन्नड. दोघंबी सारखेच चिडून हायत, म्हंजे समतोल झाला.

पहिल्या वर्षाचा अहवाल लई आशादायक. मासे सोडले तीनशे. दिसले सत्तेचाळीस. त्यातले अकरा फकस्त बगळ्यास्नी दिसले. वीज जेवढी झाली तेवढी माशास्नी हवा देणाऱ्या पंपाला लागली. म्हंजे वीज माशांसाठी, मासे योजनेसाठी, मधी माणसाची अडचणच न्हाय. ह्याला स्वयंपूर्ण गाव म्हणतात.

अडचण एकच राहिली, चंद्री. नियम सतरा : 'समुद्रात पाळीव जनावरे सोडू नयेत.'

मालुबाई भांडून दमली आन तडक सुहासकडं गेली. "सुहास, समुद्रात कोण कोण चालतंय रं?"

"मासे, आक्का. आन सागरी जीव."

"मग घाल की चंद्रीला."

सुहासनं घातली. 'रंग काळा. पोहतो. पिलाला दूध पाजतो. श्वासाला वर येतो.' फोटो काढला पाण्यातला, नुसत्या नाकपुड्या आन डोळे. आठवड्यात उत्तर आलं. जीव दुर्मिळ आहे, संरक्षण देण्यात येत आहे.

त्या दुपारी चंद्री समुद्रात उतरली, ती मारुतीरावांच्या नाकासमोरनं. मालुबाईनं पदर खोचून काठावर बसून बघितलं. सांज झाली. "चंद्रे, चल गं घरला."

मारुतीराव कागद घेऊन आले. "आक्का, संरक्षित जीव किनाऱ्यावर आणायचा न्हाय. गुन्हा हाय."

"मग धार कुठं काढू? तुमच्या टकुऱ्यावर?"

"आतच काढ. फकस्त जाकीट घाल, समुद्र हाय."

तवापासनं मालुबाई दोन येळा केशरी जाकीट घालून, गळ्याएवढ्या पाण्यात, चरवी डोक्यावर धरून धार काढती. चंद्री खूश हाय, दूध वाढलंय. मालुबाईला तेवढा खोकला झालाय, त्याचा रकाना फॉर्ममधी न्हाय.

दूध डेअरीला जातंय, तिथनं तुमच्याकडं. पण नियम एकवीस सांगतो, समुद्रातनं निघंल ते समदं मासळी. म्हणून कॅनवर लिवल्यालं असतंय : 'मासळी, पातळ, चार लिटर.'

हसताय? हसा. आज सोमवार न्हवं? सकाळधरनं किती कप च्या झाला?

ऱ्हाऊ दे, आता सांगून काय उपेग. मला निघाय पायजे, भरतीची येळ झाली.