शिरसाठकाकांची सही

शिरसाठकाका आमच्याकडे चहाला आले की आधी दारातच थांबून घर बघून घेतात. मग बसता बसता म्हणतात, "पूर्वेस खिडकी, बंद स्थितीत. पश्चिमेस मोरी. दक्षिणेस फ्रीज, त्यावर एक पपई, पिकलेली. मध्यभागी एक इसम पेपर वाचत बसलेला." तो इसम म्हणजे माझे वडील. ते पेपरातून डोकं वर काढत नाहीत.

काका पंच आहेत. चोरी किंवा अपघात झाला की पोलीस जागेवर जाऊन जे दिसेल ते लिहून घेतात. तेव्हा शेजारी दोन त्रयस्थ माणसं उभी लागतात आणि खाली त्यांच्या सह्या. बहुतेकांना नेमकं तेव्हाच काम आठवतं, कारण पुढे कोर्टात खेटे घालावे लागतात. काका थांबतात. सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते तेव्हा अर्धी रजा टाकून जायचे. आता निवृत्त आहेत, त्यामुळे पोलीस ठाण्यातून फोन आला की लगेच सायकल काढतात.

त्यांची एकच अट असते. लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, मग सही. एकदा हवालदाराने घाईत 'लाकडी टेबल' लिहिलं. काकांनी वाकून टेबल ठोकून पाहिलं.

"प्लायवूड हाय, साहेब."

"काय फरक पडतो काका?"

"तुमची बदली व्हईल. मी हितंच हाय."

हवालदाराने प्लायवूड लिहिलं.

कॉलनीतल्या एका साखरपुड्यात यादीवर सही करायला त्यांना मानाने बसवलं, तर त्यांनी आधी भांडी मोजली. "पाच लिहिलीत, समक्ष चार हायेत." सगळा मांडव थांबला. पाचवं पातेलं स्वयंपाकघरात सापडलं, त्यात श्रीखंड होतं. ते दुसऱ्या भांड्यात काढून, पातेलं घासून आणेपर्यंत नवरदेव ताटकळत बसला होता.

आता माझ्याबद्दल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सरांनी आम्हाला प्रकल्प दिला. न्यायव्यवस्थेतल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची, ती वर्गात वाचायची, आणि मग त्या माणसाची पानापानावर सही घेऊन जमा करायची. सही नसेल तर प्रकल्प बाद. वर्गात कोणाचे मामा सरकारी वकील, कोणाची आत्या न्यायाधीश. माझ्या ओळखीचे फक्त शिरसाठकाका. ते नाव सांगताना मला लाज वाटली होती, हे आधीच कबूल करते.

मुलाखतीला काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी कायद्याला गेल्यापासून ते मला 'साहेब' म्हणतात. सगळ्या प्रश्नांची त्यांनी सविस्तर उत्तरं दिली, एक सोडून. "पंच का झालात?" असं विचारलं तर म्हणाले, "कुणी तरी उभं राहायला पाहिजे ना, साहेब." आणि चहा टाकायला उठले.

लिहून झाल्यावर मला ते फारच साधं वाटलं. म्हणून शेवटी तीन पानांचं विश्लेषण जोडलं. त्यात लिहिलं, की असे रिकामटेकडे लोक पोलिसांच्या हाताशी असतात, मोठेपणासाठी न वाचताही सह्या ठोकतात, त्यांच्या साक्षीला किंमत नसते. काकांच्या बाबतीत हे खोटं आहे, हे मला लिहितानाच माहीत होतं.

वर्गात वाचायला उभी राहिले. पपईच्या वाक्याला कोणी तरी हसलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मग मी काकांचा आवाज काढला, त्यांचं वाकून टेबल ठोकणं करून दाखवलं. साठ मुलं हसत होती. विश्लेषण ऐकून सर म्हणाले, "उत्तम. यालाच सराईत पंच म्हणतात." मी मान डोलावली.

राहिल्या होत्या सह्या. संध्याकाळी काकांकडे गेले. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे वाचायला बंदी होती.

"वाचा साहेब," ते म्हणाले.

सात पानं जशीच्या तशी वाचली. पुढच्या तीन पानांवर नुसती नजर ठेवून मनानेच बोलत गेले. काका प्रामाणिक आहेत, काका व्यवस्थेचा आधार आहेत, असलं काही तरी. काकांनी खाली मान घालून ऐकलं आणि दहाही पानांवर सह्या केल्या. मी बोट ठेवीन तिथे.

पेनाला टोपण लावून ते म्हणाले, "त्या दिवशी तू इचारलं ना, पंच का झालो. माझा धाकटा भाऊ त्र्यंबक रोडला ट्रकखाली गेला. भर दुपारची येळ. वर चादर टाकलेली. पंचनाम्याला दोन माणसं पायजे होती, तर कुणी थांबंना. लोक बघायचे अन् चालू पडायचे. मी म्हनलं, मी करतो सही. हवालदार म्हणला, घरचा माणूस चालत नाय. दोन तास तो तसाच होता. परकी दोन माणसं मिळंनात, म्हणून."

माझ्या मांडीवर ती पानं होती. मला उठता येईना.

"काका," मी म्हणाले, "मी शेवटची तीन पानं वाचलीच नाहीत. तुम्हाला भलतंच सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग वाच की."

मी वाचलं. रिकामटेकडे, हाताशी, किंमत नाही, सगळं. वर्गात त्यांचा आवाज काढला तेही सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, तशी मी पानं दिली. टोपण काढलेलं पेन त्यांनी शेवटच्या पानावर धरलं. सही खोडतील, असं मला वाटलं. खोडावी, असंही वाटत होतं.

"खोडली तर प्रकल्प बाद व्हईल ना तुझा?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग राहू दे," ते म्हणाले, आणि पानांची कड जुळवून कागद माझ्याकडे परत दिले. मला साहेब म्हणायचं ते विसरले होते. "चहा टाकतो. थांबशील ना जरा?"