आधी भास्कररावांना नमस्कार

भास्करराव बडोद्याच्या प्रतापनगर रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले आणि घरात काय काय दुरुस्त करता येईल ते पाहू लागले. मिक्सर आणि गीझर यांचा निकाल लागल्यावर त्यांची दृष्टी वेबसाइटकडे वळली.

वेबसाइट त्यांच्या पत्नीची, निरुपमाबाईंची. बडोद्यात त्यांच्या चकल्यांना नाव होतं आणि यंदा पहिल्यांदाच दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी वेबसाइटवरून घ्यायचं ठरलं होतं. भाजणी दळून आणली होती, मदतीला येणाऱ्या बायकांना शब्द दिला होता. लेक देवश्रीने पुण्याहून सगळी पानं तयार करून दिली. राहिलं होतं फक्त सर्व्हरला सांगणं, की कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं.

"एवढंच ना? मी करतो," भास्करराव म्हणाले. (आजवर घरातला प्रत्येक अनर्थ ‘एवढंच ना’पासूनच सुरू झाला होता.)

देवश्रीने फोनवर बजावलं, "बाबा, सर्व्हर नियम वरून खाली वाचतो. पहिला जो लागू पडेल, तिथे माणसाला नेऊन सोडतो. पुढचं वाचतच नाही."

पण शेवटचं वाक्य ऐकायला भास्करराव थांबले कुठे? त्या घरची रीतच अशी, की कोणीही येवो, अगदी विरजणाला वाटी घेऊन येवो, आधी भास्कररावांना नमस्कार करायचा आणि मग आत जायचं. त्यांनी पहिलाच नियम लिहिला: पत्ता कुठलाही असो, आधी ‘भास्कररावांचे दोन शब्द’, फोटोसकट. (हे दोन शब्द त्यांच्या पणजोबांच्या सरकारी नोकरीपासून सुरू होत.) चकली, चिवडा, ऑर्डर, सगळं त्याच्या खाली.

साइट सुरू झाली. संध्याकाळी आकडा बघून भास्करराव हरखले.

"निरू, अख्खं बडोदं माझं पान वाचतंय! एकेक जण पुन्हा पुन्हा वाचतोय!"

"आणि ऑर्डरी?"

एकही नव्हती. निरुपमाबाईंचा चेहरा उतरला. भाजणीच्या डब्यांकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "आवडत नसेल आता कोणाला माझ्या हातचं." भास्कररावांनी आकडा दाखवणारा फोन हळूच पालथा ठेवला.

तेवढ्यात मकरपुऱ्याच्या हंसाबेनचा फोन आला. "निरुपमाबेन, चकली दाबली तो भाईचा फोटो आला, चिवडा दाबला तो पण भाई! आ शुं छे? विकायला फराळ आहे के भाई?"

निरुपमाबाईंनी फोन ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, घरात मी चहा घेऊन येते, म्हणून तरी माणसं तुमच्या तावडीतून सुटतात. तिथे कोण येणार चहा घेऊन?"

देवश्रीने पुण्यात बसून बाबांचा नियम उचलला आणि सगळ्यांच्या तळाशी नेऊन ठेवला. मग ऑर्डरींची अशी रीघ लागली, की प्रायश्चित्त म्हणून भास्करराव स्वतः सोऱ्या घेऊन बसले. (त्यांच्या चकल्या घरी खायला ठेवाव्या लागल्या.)

"म्हणजे आता माझं पान कोणालाच दिसणार नाही?" सोऱ्या दाबता दाबता त्यांनी केविलवाणं विचारलं.

"दिसेल की," निरुपमाबाई म्हणाल्या. "चकलीचा नाही, चिवड्याचा नाही, असा ज्याचा पत्ताच साफ चुकला, तो शेवटी तुमच्याकडे येईल."

"फक्त चुकलेली माणसं?"

निरुपमाबाईंनी एक तुटकी चकली त्यांच्या हातावर ठेवली. "मग? मी नाही का आले?"