स्टेशन रोडला समुद्र बुधवारी येतो

माणिकबंदरला समुद्र एकच आणि हॉटेलं शेकड्यांनी, त्यामुळे तिथली महानगरपालिका समुद्र पाळीनं सोडते. स्टेशन रोडला तो बुधवारी येतो.

यात मला काहीही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं मराठवाड्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि जे येतं ते कधी येईल हे सोडणाऱ्यालाच ठाऊक. वाटून घ्यायचं म्हटलं की पाळी आलीच. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मी कुणाचीही भीड न ठेवता सांगणार आहे.

माझी आई कौसाबाई हिला काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, "बाजूचं दिसणं गेलंय. मधला गोल तेवढा राहिलाय, तोही आवळत जाणार. काय दाखवायचं ते दाखवून घ्या." मी घरी येऊन विचारलं, माय, तुला काय बघायचंय? मला वाटलं तुळजापूर म्हणेल, नाहीतर भावाचं घर म्हणेल.

"समुंदर दाव," ती म्हणाली. "एवढं पानी एका जागी असतंय म्हणत्यात. खरंच का रे नागू?"

जन्मभर डोक्यावर घागरी वाहिलेली बाई. मी लगेच फोन हातात घेतला.

माझा मेहुणा म्हणाला, किनाऱ्यावरचं हॉटेल घ्या. त्याला काय कळतंय! किनाऱ्याची पाळी रविवारी. बाकीचे सहा दिवस समुद्र गावात असतो आणि किनाऱ्यावरचे पाहुणे खुर्च्या मांडून चिखल बघतात. शहाणा माणूस मध्यवस्तीत उतरतो. स्टँड जवळ, बाजार जवळ, आणि समुद्र दारात.

पण मध्यवस्तीतही पारखून घ्यावं लागतं. पहिल्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, "आमच्याकडे चोवीस तास समुद्र." मी फोन ठेवला. चोवीस तास म्हणणाऱ्यानं गच्चीवर टाकी बांधलेली असते. शिळा समुद्र मी आईला दाखवणार नाही. दुसऱ्याची खोली पाचव्या मजल्यावर होती. मी विचारलं, तिथं काय चढतं? "वारा येतो साहेब," तो म्हणाला, "आवाज येतो. प्रेशर असलं तर फेससुद्धा." तिसऱ्याला विचारलं, लाइनला मोटर लावता का? "छे छे छे!" तो इतक्या घाईनं म्हणाला की मी काय ते ओळखलं. असले लोक शेजाऱ्यांचा समुद्र ओढून घेतात आणि मग धाड पडली की महानगरपालिका सगळ्या रस्त्याची लाइन तोडते.

चौथं निवांत लॉजिंग. स्टेशन रोडच्या उताराला, तळमजला, खिडकी रस्त्यावर. मॅनेजर परुळेकर नावाचे गृहस्थ फोनवर सरळ बोलले. "बुधवारी अकराच्या सुमारास सोडतात. तासभर असतो. लाटा मध्यम. खिडकीच्या कठड्यापर्यंत येतो, आत येत नाही." खोटं बोलणारा माणूस लाटा मध्यम म्हणत नाही. मी खोली घेतली.

मंगळवारी आम्ही पोहोचलो. बुधवारी सकाळी मायनं अंघोळ केली, लग्नाकार्याचं हिरवं पातळ नेसली आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसली. समोर औषधाचं दुकान, त्याच्या पुढं रिक्षा. अकरा वाजून गेले, बारा झाले, रिक्षाच दिसत होत्या.

मी काउंटरवर गेलो. परुळेकर म्हणाले, "आज कठीण दिसतंय, बिरादारसाहेब. वरच्या पेठेत एका पुढाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा आहे. तिकडे वळवलाय."

"साखरपुड्याला समुद्र कशाला लागतो?"

"फोटोत मागे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका म्हातारीचे डोळे विझत चाललेत आणि तिचा समुद्र कुणाच्या तरी जावयाच्या पाठीमागं उभा! पुढच्या बुधवारची वाट बघ म्हणून मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? पुढच्या बुधवारी तिला काय दिसेल, हे कोण सांगणार? मी तिला म्हणालो, "माय, हलू नको. आलोच घेऊन." आणि रिक्षा करून महानगरपालिकेत गेलो.

समुद्रपुरवठा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. उपअभियंता खवणेकर मॅडम टेबलावर होत्या.

"तक्रार कशाची?" त्यांनी विचारलं. "कमी दाबानं आला, गढूळ आला की वास येत होता?"

"आलाच नाही."

"मग तक्रार होत नाही. पुढची पाळी येईपर्यंत आम्ही तो उशिरा आहे असं धरतो."

आता मी नोकरीभर बसस्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी रद्द नाही, उशिरा आहे, हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडावर फेकलंय की त्याचा उतारा मलाच ठाऊक.

"उशिरा आहे ना? मग किती वाजता येणार ते फळ्यावर लिहा," मी म्हणालो. "वेळ लिहा आणि खाली सही करा."

"असं लिहून देता येत नाही."

"मग उशिरा म्हणू नका. साखरपुड्याला दिला म्हणा. मोठ्यानं म्हणा, बाहेर माणसं बसलीत त्यांनाही ऐकू दे. माझी आई खिडकीत बसलीय, मॅडम. तिची नजर दिवसेंदिवस आवळत चाललीय. समुद्र पुढच्या बुधवारी येईल हो, पण नजर थांबेल का तोपर्यंत? ते तरी लिहून द्या!"

खवणेकर मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग फोन उचलला. "भोईटे, तिकडचे फोटो झाले असतील तर वरच्या पेठेचा व्हॉल्व्ह बंद करा. स्टेशन रोडला अर्धा तास सोडा. हो, मी जबाबदार." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "पूर्ण देता येणार नाही. क्षितिज जरा जवळ येईल."

"चालेल," मी म्हणालो. "तिला लांबचं दिसतच नाही."

मी परत आलो तो छाती पुढं काढूनच. मायला म्हटलं, सोडायला लावला! ती खुदकन हसली आणि पदर सारखा करून पुन्हा खिडकीकडं तोंड करून बसली.

आधी गटारीची झाकणं फुसफुसली, पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो तशी. रिक्षावाल्यांनी न सांगता रिक्षा फुटपाथवर घेतल्या. औषधवाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. आणि उतारावरून समुद्र आला. कसा होता ते मला सांगता येणार नाही, कारण त्याच क्षणाला माय ताडकन उठून उभी राहिली.

"आलं! नागू, आलं रे! बादली आन!"

"माय, बस खाली! आपल्याला बघायचाय तो. बघ समोर!"

"आदी भरून घे, मंग बगू. बगत काय बसलायस? जाईल!"

हे 'जाईल' मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. मध्यरात्री ऐकलंय, परीक्षेच्या दिवशी ऐकलंय, माझ्या लग्नाच्या मांडवात ऐकलंय. नळ आला म्हणून मुंडावळ्या बांधलेला मी हंडे उचलायला धावलो होतो. ते ऐकल्यावर डोकं चालत नाही, हात चालतात. मी न्हाणीघरातून बादली आणि प्लास्टिकचा मग आणला. मायनं खिडकीतून वाकून मग बुडवला. बादली भरली. मी टब आणला. टब भरला. जग, दोन ग्लास, चहाचा थर्मास, माझा जेवणाचा डबा, त्याचं झाकणसुद्धा.

"सांडू नको! पुढचं आन!"

"हे घे!"

"ती कागदाची टोपली इसळून आन!"

"माय, तिला भोकं आहेत!"

"मंग ऱ्हाऊ दे, फुलदाणी आन!"

तोंडावर शिंतोडे उडत होते म्हणून तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि नुसत्या अंदाजानं मग बुडवत होती. एकदा ओठ चाटून म्हणाली, "खारट हाय की रे! असू दे, भांड्याला हुईल." मी खाली मान घालून भरलेलं उचलत होतो आणि रिकामं पुढं करत होतो. फुलदाणी भरली. मायनं पुन्हा हात खाली घातला, तर हातातला मग खडखड करत भिंतीला घासला. मी वर बघितलं. रस्ता ओला होता. औषधवाला शटर वर करत होता. एक रिक्षावाला सीट पुसत होता.

परुळेकर दारात आले. "काय आजी, कसा वाटला? आज रंग फार सुरेख होता म्हणतात सगळे."

मला काय झालं ते सांगतो. मला रागानं रडू आलं. साखरपुडेवाल्याला शिव्या घालाव्यात, तर त्यानं परत दिला होता. मॅडमना बोलावं, तर त्यांनी जबाबदारी अंगावर घेऊन सोडला होता. हॉटेल उत्तम होतं, मजला बरोबर होता, दाब चांगला होता. सगळं मिळूनसुद्धा हातातून गेलं, आणि भांडायला समोर कुणी नाही! माय तिकडं शांतपणे एकेका भांड्यावर बशी झाकत होती, बादलीवर वर्तमानपत्र घालत होती.

"झालं बाई भरून एकदाचं," ती म्हणाली.

"माय, समुद्र बघितलास का तू?"

"बगत बसले असते तर भरलं असतं कुनी?"

मी तिच्यावर ओरडलो. "तुला बघायला आणली होती! भरायला नाही! एवढ्या लांबून काय भांडी घासायला पाणी न्यायचं होतं का?" तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "मला पानी बगायची सवय न्हाई रे. आलं की भरायचं, एवढंच ठावं हाय."

मी खवणेकर मॅडमना फोन लावला आणि झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला.

"भरून घेतला ना?" त्या म्हणाल्या. "मग पाळी मिळाली."

"मिळाली, पण बघितला नाही."

"बघण्याचं आमच्या विभागाकडे येत नाही, बिरादार. आमचं काम पुरवण्याचं." त्यांचा आवाज कठोर नव्हता, उलट जरा ओशाळाच होता. तरीही मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधत होतो. परुळेकर डोकावले. "बादली आणि टब हॉटेलचे आहेत. तेवढे रिकामे करून द्या."

"कुठं रिकामे करू?"

"मोरीत ओता."

"समुद्र मोरीत ओतू?" मी म्हणालो. "तुम्हाला काही वाटतं का? ज्याच्यासाठी माझी आई जीव टाकून इथवर आली, तो मी उष्ट्या पाण्यासारखा मोरीत ओतू?"

"सगळे ओततात साहेब. मोरी शेवटी तिकडेच जाते."

संतापानं मी बादलीवरचं वर्तमानपत्र ओढून काढलं आणि बादली उचलायला वाकलो. तेवढ्यात माय म्हणाली, "थांब. इकडं आन."

ती फरशीवर मांडी घालून बसली, बादली पुढ्यात ओढली आणि तोंड अगदी काठाशी नेलं. या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "आरं, हे हलतंय की."

"हो."

"धक्का लागला का माजा?"

"नाही, माय. तो आपणहून हलतो."

"रातभर हलत हुतं?"

"रात्रभर."

तिनं दोन्ही हातांनी काठ धरले. "ह्या कडंनं येतंय आन त्या कडंला फुटतंय. मावतंय बग सगळं माज्या डोळ्यांत." तिनं बोट न बुडवता पाण्यावर धरलं. "ते पलीकडं पांडरं काय हाय?"

मी वाकून बघितलं. "शीड आहे. होडीचं."

"लांब हाय का?"

"बरीच लांब आहे."

"येऊ दे मंग," माय म्हणाली आणि तिनं नीट मांडी ठोकली.

आमची गाडी दहाची होती. दहा वाजले. मी सुटकेसवर बसून राहिलो, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणाचाही राग आला नाही. तो आला दारावर टकटक झाल्यावर.

"बारा वाजलेत," परुळेकर बाहेरून म्हणाले. "खोली सोडायची वेळ झाली. पुढचे पाहुणे येऊन बसलेत."

मी दार उघडून त्यांच्या तोंडावर सांगितलं, "बसू देत. माझ्या आईचं समुद्र बघून झालेलं नाही. झाल्याशिवाय ही खोली रिकामी होणार नाही. बोलवा कुणाला बोलवायचं ते!"

परुळेकरांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. मग चपला दाराबाहेर काढल्या, पाय न वाजवता आत आले आणि मायच्या मागून बादलीत डोकावले.

"आता ओहोटी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपारी भरतीला सांडेल. खाली टॉवेल घाला."

मी टॉवेल घातला.