घंगाळावरचे अडीच इंच

डाग अडीच इंच लांब आणि जेमतेम दीड इंच रुंद होता. शरणप्पांनी पट्टी लावून मोजला. चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवणं जमत नाही. तांब्याचं घंगाळ जुन्या गुळासारखं काळपट तपकिरी झालं होतं. आमटी करताना त्याच्या पोटावर चिंचेचा कोळ सांडला, पुसून घेतला, आणि तेवढी जागा गुलाबी होऊन उघडी पडली. म्हणजे खरं पाहता डाग तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे होता.

अयोध्याबाई घरात असत्या तर ही वेळ आली नसती. त्या दर सोमवारी तांबं घासत. अकरा महिन्यांपूर्वी त्या लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या होत्या, "तीन महिन्यांनी न्यायला या."

शरणप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, "नळदुर्गचा रस्ता तुला काय नवा हाय व्हय? आपली आपण ये की."

"बरं," एवढंच म्हणून त्या गेल्या होत्या. आता नात धरून उभी राहायला लागली होती आणि आजी-आजोबा आपापल्या जागी अडून बसले होते. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. पाऊस, औषधं, नातीचे दात. 'न्यायला येतो' हे दोन शब्द शरणप्पांच्या घशापर्यंत यायचे आणि नेमकं तेव्हा त्यांना खोकला यायचा. अयोध्याबाई म्हणायच्या, "मधाचं चाटण घ्या." ते घ्यायचे. त्यानं काय होणार?

तर, डाग. आधी त्यांनी घंगाळ गॅसवर तिरपं धरून ती जागा परत काळी करून पाहिली. ती जांभळी झाली. मग शेजाऱ्याच्या रानात बांध सरकवावा तशी त्यांनी चिंचेनं हद्द थोडी थोडी वाढवत नेली. अर्धं घंगाळ उजळल्यावर अर्धं तसंच ठेवणं बरं दिसेना. पूर्ण उजळलं, तर शेजारची कळशी दहाव्याला आल्यासारखी दिसायला लागली. कळशी झाली आणि हंड्याकडे बघवेना. तेवढ्यात चिंच संपली.

ते शेजारी सायराबींच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भाभी, थोडी चिंच असंल का?"

"असंल की. किती पायजे?"

"पावशेर."

सायराबींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अप्पा, एकट्या माणसाला पावशेर? आमटी करायलाव का हौद भरायलाव?"

"तांबं घासायलोय."

"सगळं?"

"सगळंच म्हणा."

सायराबींचा चेहरा एकदम खुलला. या गल्लीत बाईमाणूस नसलेल्या घरात तांबं घासलं गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. घासलं जातंय म्हणजे अर्थ एकच. "या अल्ला! अयोध्या येतीय!"

इथं शरणप्पांनी 'न्हाय' म्हणायला हवं होतं. पण 'अयोध्या येतीय' असं अकरा महिन्यांत प्रथमच कुणी मोठ्यानं म्हटलं होतं, आणि ते ऐकायला इतकं बरं वाटलं की खोडून काढायला त्यांचं मन धजेना. ते चिंच घेऊन निमूट घरी आले.

तांब्यावर पाणी राहिलं की पुन्हा डाग धरतो, म्हणून त्यांनी भांडी धुऊन, पुसून ओट्यावर उन्हात मांडली. घंगाळ, हंडा, दोन कळश्या, तीन तांबे, एक पंचपात्र. आठ नग. भांडी अशी झळाळली की रस्त्यानं चाललेल्या कुलदीपनं रिक्षाच थांबवली.

"अप्पा, काकू कुठल्या गाडीनं येतात?"

"तुला कोण म्हणलं?"

"अख्खी गल्ली म्हणायलीय. सायराचाची शेवया करायल्यात. पाचच्या पुण्याच्या गाडीनं का?"

शरणप्पांनी तांब्याच्या बुडाशी काही नसलेलं काहीतरी घासायला घेतलं. "असंल," ते म्हणाले.

चार वाजेपर्यंत दारात कुणीतरी रांगोळी काढली. कुणी चौकटीला आंब्याची डहाळी बांधली. कुलदीप रिक्षा धुऊन हायवेवरच्या थांब्यावर गेला. शरणप्पांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला. अयोध्याबाई येणार नाहीत हे ठाऊक असलेला गल्लीतला एकमेव माणूस सगळ्यांत आधी तयार होऊन ओट्यावर येऊन बसला. रस्त्यावर रिक्षाचा आवाज आला की त्याची मान वळायची.

साडेपाचला कुलदीप रिकाम्या रिक्षासकट परत आला. "अप्पा, काकू उतरल्याच न्हाईत! म्या आत चढून बाकड्याखालीसुद्धा बघितलं."

"बाकड्याखाली काहून?"

"झोप लागून घसरल्या असतील म्हणलं."

सायराबींनी लगेच फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अयोध्या, कुठवर आलीस गं?"

"स्वयंपाकघरापर्यंत. खिमट शिजवायलेय. का गं?"

"इथं तुझं तांबं चमकायलंय, शेवया गार व्हायल्यात, अप्पा पांढरा शर्ट घालून बसल्यात!"

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग आवाज आला, "दे त्यांना."

ओट्याभोवतीच्या सगळ्या माणसांना एकाएकी रांगोळीचे ठिपके मोजावेसे वाटले.

"मी येणार म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. लोक म्हणले. म्या फकस्त न्हाय म्हणलो न्हाय."

"काहून?"

शरणप्पांनी उन्हातला एक तांब्या उगाच सरळ केला. "ऐकायला बरं वाटलं."

अयोध्याबाई अगदी हळू म्हणाल्या, "तांबं खरंच तुम्ही घासलं?"

"व्हय."

"हंड्याच्या गळ्याच्या आतून?"

शरणप्पांनी हंड्यात बोट फिरवून पाहिलं. काळं झालं. "तिथं राहिलं."

"तिथं मलाबी कधी जमलं न्हाय," अयोध्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "आता लोकांना काय सांगणार?"

शरणप्पांनी लोकांकडे पाहिलं. लोक रांगोळीकडे पाहत होते. कुलदीपच्या रिक्षाचं इंजिन अजून चालूच होतं. घशात खोकला आला. त्यांनी तो गिळला.

"कुलदीप, सकाळी सहाला रिक्षा घिऊन ये," ते म्हणाले, आणि मग फोन तोंडाजवळ धरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "अयोध्या, म्या उद्या येतोय. तुला न्यायला."