जिल्ह्यातल्या चार वनस्पती

ज्या वस्तूची व्याख्या छापलेली नाही, ती अस्तित्वात आहे असं मानणं धोक्याचं असतं. पांढुर्णा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, आणि जिल्ह्यात झाडपाला नेमका किती हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा हे आमच्या ध्यानात आलं. लगेच वनस्पती नामनिश्चिती समिती स्थापन झाली. अध्यक्ष सौंसरचे मुकुंद गुरुजी (निवृत्त, मराठी विषय), सचिव मी. मला कापूस आणि संत्रं ओळखता येतं. संत्रं तर सोललेलंही.

समितीकडे एक जुना शब्दकोश होता. त्याचं कव्हर गेलेलं असल्यामुळे तो कोणी आणि कधी केला हे कळत नाही, साहजिकच त्याच्याशी वाद घालता येत नाही. ('अ'ची पानं वाळवीने खाल्ली आहेत. अडुळसा आणि अर्जुन यांचा विचार पुढील आदेशापर्यंत स्थगित.) तीन महिने बसून आम्ही त्यातल्या दोनशे चौदा वनस्पतींची छाननी केली. एकशे एकतीस नावांपुढे 'एक वनस्पती' असं लिहिलेलं होतं, बावन्न नावांपुढे 'एक प्रसिद्ध वनस्पती', एकोणीस नावांपुढे 'एक झाड' आणि बारा नावांपुढे 'एक औषधी पाला'. शिवाय 'तरोटा: टाकळा पहा' आणि 'टाकळा: तरोटा पहा' असं एक प्रकरण आहे. त्याची फाइल दर आठवड्याला सौंसर-पांढुर्णा बसने ये-जा करते आणि अजून एकदाही हरवलेली नाही.

गुरुजींनी चष्मा पुसून निष्कर्ष काढला. ज्यांची व्याख्या एक, त्या वस्तू एक. म्हणजे जिल्ह्यात एकूण चार वनस्पती आहेत. इतका आटोपशीर जिल्हा दुसरा नसेल.

यानंतर पाला विकणाऱ्यांना प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तिगावकडच्या जयवंताबाई चाळीस वर्षांपासून सौंसरच्या आठवडी बाजारात निंबाखाली बसतात. प्रमाणपत्र मिळालं नाही तर ती जागा मोबाइल कव्हरवाल्याला जाणार होती. बाईंनी समितीपुढे फडकं पसरलं आणि एकतीस जुड्या मांडल्या.

"बाई, चार वस्तू एकतीस नावांनी विकून राहिल्या तुम्ही," गुरुजी म्हणाले.

"डोये हायेत ना गुरुजी तुमाले?" बाई म्हणाल्या. "हा माका. पान चोया, हात काया पडते. हा आघाडा. याचा तुरा नेसल्या पातयाले चिकटते. हे एक कसे होतीन?"

गुरुजींनी पान चोळलं. हात काळा पडला. तो त्यांनी रुमालाला पुसला आणि इतिवृत्तात नोंद करवली की अर्जदाराने अध्यक्षांचा हात काळा केला.

तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "मंग लिहून घे ना भाऊ. मी सांगत जातो, तू लिही. माह्या मागं हे कोनाले ठाऊक नाही. पोरगी नागपूरले राह्यते, तिले फक्त भाजीवर टाकाचा हिरवा सांबार ओयखू येते."

माझ्या हातात पेन उघडं होतं. पण अर्जदाराला काय ठाऊक आहे, यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मी पेनला टोपण लावलं. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

गुरुजी कठोर नाहीत. त्यांनी एक शेवटची संधी दिली. आघाड्यापुढे कोशात 'एक प्रसिद्ध वनस्पती' असं आहे, तेव्हा तो प्रसिद्ध असल्याचं सिद्ध व्हावं. आम्ही बसस्टँडवर शंभर जणांना जुडी दाखवली. शहाण्णव जणांना ओळखता आली नाही, तिघांनी छिंदवाड्याची बस केव्हा आहे ते विचारलं, आणि एकीने बरोबर ओळखली, पण त्या जयवंताबाईच होत्या. कोश लिहिणाऱ्याने 'प्रसिद्ध' लिहिलं ते त्या काळी पोरासोरांनाही आघाडा ठाऊक होता म्हणून, असं माझ्या मनात आलं. मनात आलेलं इतिवृत्तात घेत नाहीत. प्रमाणपत्र नाकारण्यात आलं. बाईंनी फडकं झटकलं, घडी केली आणि निघून गेल्या.

भाद्रपदात गुरुजींकडे महालक्ष्म्या बसल्या. पूजेला आघाडा हवा, म्हणून त्यांच्या पत्नी शोभाकाकूंनी गुरुजींना बाजारात पाठवलं. निंबाखाली मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. गुरुजी बसस्टँडच्या मागे गेले आणि मूठभर हिरवं उपटून घरी आले.

"हे काय आनलं जी तुमी?" काकूंनी विचारलं.

"एक प्रसिद्ध वनस्पती," गुरुजी म्हणाले.

व्याख्येत बसत होतं. आरतीची वेळ होत आली होती, काकूंनी ते वाहिलं. मी जेवणाचं आमंत्रण असल्यामुळे हात जोडून शेजारी उभा होतो. (महालक्ष्म्यांकडून लेखी हरकत आलेली नाही.)

तुम्ही हसत असाल. हसा. पण गेल्या वर्षी तुमच्याही घरी बाजारातून पत्रीची पुडी आली होती. कोणीतरी पोथीतून एकेक नाव वाचलं, आणि प्रत्येक नावाला पुडीतून जे पान हाती आलं ते तुम्ही वाहिलंत. तुमचा हात एकदाही थांबला नाही. आमच्या समितीत एक सदस्य कमी होता, तिथे मी तुमचं नाव घातलं आहे. सोबत सदस्यत्वाचा फॉर्म जोडला आहे. 'स्वतःला ओळखता येणाऱ्या वनस्पती' हा रकाना आम्ही सगळ्यांनी कोराच सोडला आहे. तुम्ही फक्त खाली सही करा.