नर्मदाआत्यांची वाटणी

आमच्या शेजारच्या नर्मदाआत्या बारशाला आल्या की बाळाची आई सावरून बसते. आत्या बाळाला उचलत नाहीत, झबलं-टोपडं आणत नाहीत. पाळण्याशी उभ्या राहतात, चष्मा नाकावर ओढतात आणि बाळाची वाटणी करतात. "कान बापाचे. बोटं आजीचे. रडणं मामाचं, तो बी असाच दम घेऊ-घेऊ रडे. कपाळ... कपाळ कोणाचंच नाई. नवीन हाये." मग आईकडे वळून, "हे झालं रक्ताचं. वळणाचं पाच वर्षांनी येऊन सांगन." आणि पाच वर्षांनी त्या खरंच येतात.

माणूस कोणताही असो, त्यांचा प्रश्न एकच. हे रक्ताचं का वळणाचं?

आमच्या गावात पिठाच्या गिरणीवाले तिघं भाऊ आहेत. साधं "जेवला का" विचारलं तरी मारामारी सुरू झाली असं वाटतं. सगळे म्हणायचे, घराणंच भांडकुदळ. आत्या म्हणाल्या, "रक्त गरीब हाये त्याईचं. गिरणीच्या आवाजात लहानाचे मोठे झाले. हळू बोलले असते तर जेवाले कोण देत?" माझ्या नवऱ्याला त्यांनी लग्नानंतर आठवडाभरात निकालात काढलं. थाप मारायच्या आधी तो चष्मा पुसतो, म्हणे, आणि हे रक्ताचं. दिवाळीला मलकापूरला सासरी गेले तेव्हा सासऱ्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग सांगितलं की डॉक्टरांनी गोड खायला परवानगी दिली आहे.

आत्या चौथी शिकलेल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बी.एड.ला अनुवंश आणि परिसर यावर मी चार पानं उत्तर लिहिलं होतं आणि शेवटी दोन्हींचं महत्त्व सारखंच असं लिहून मोकळी झाले होते. तरी सोयरीक ठरवायच्या आधी लोक विचारायला जातात ते त्यांच्याकडे. याचा मला राग येतो, असं मी सांगत असते. खरं म्हणजे तो राग नाही, जळणं आहे. आणि जळते मी गावामुळे नाही, माझ्या मुलीमुळे.

स्वरा सात महिन्यांची असताना माझी रजा संपली. शाळा पंधरा किलोमीटरवर, सासूबाई मलकापूरला, माझी आई अंथरुणाला खिळलेली. शेजारी आत्या एकट्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. देऊळगाव राजाच्या आसपास सगळीकडे आहे तसं त्यांचंही शेडनेट आहे, घराला लागूनच. हिरव्या जाळीखाली टोमॅटो नाहीतर मिरची, आणि चिमट्याने एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला लावून कंपनीसाठी बियाणं तयार करायचं. त्या म्हणाल्या, "टाक इथं पोरीले. एवढे झाडं वाढवतो, एक लेकरू जड होते का?" मी टाकली. आज ती आठ वर्षांची आहे.

नऊ महिने पोटात वागवली मी, आणि उभी राहते ती आत्यांसारखी, एक हात कमरेवर. दूध कोमट असलं तरी दोनदा फुंकून पिते, आत्यांसारखी. पाहुणा आला की आधी त्याच्या पायांकडे बघते, मग हळूहळू वर तोंडापर्यंत येते, मग बोलते. "हाव ना बाप्पा" हे तर तिच्या प्रत्येक वाक्यात. मागच्या वर्षी तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. स्वराने त्यांना भर वर्गात सांगितलं होतं, "मॅडम, तुमचं हे चिडणं वळणाचं हाये." मी शिक्षिका असून मान खाली घालून बसले.

घरी येऊन मी आरशासमोर तिला उभी केली. माझं काय आलंय हिच्यात? नाक सासूबाईंचं, रंग नवऱ्याचा. शेवटी लाज सोडून आत्यांना म्हटलं, "सगळ्या गावाची वाटणी केलीत, आमच्या स्वराची का नाही केलीत?" त्या पटकन म्हणाल्या, "वाढत्या झाडाची नाई करत," आणि जाळीत निघून गेल्या.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. साडेपाचला माझी स्कूटी कोपऱ्यावर वळली की स्वरा हातातलं टाकून आत्यांच्या अंगणातून धावत सुटायची आणि माझ्या कमरेला मिठी मारायची. रोज. पावसात, तापात, रुसलेली असली तरी. मी मनात म्हणायचे, हे मात्र रक्ताचं आहे, हे कोणी शिकवू शकत नाही.

या वर्षी बदल्यांचे अर्ज निघाले. मी मलकापूर मागायचं ठरवलं. सासर आहे, मोठी शाळा आहे, अशी कारणं नवऱ्याला दिली. खरं कारण म्हणजे मला त्या वळणापासून माझी पोर सोडवायची होती. आत्यांना मी सांगितलं नाही. स्वराने सांगितलंच असणार.

त्याच आठवड्यात स्कूटी बंद पडली. एका सहकारी बाईंनी मागच्या गल्लीत सोडलं, म्हणून मी शेडनेटच्या बाजूने आले. जाळीच्या पलीकडे अंगणात स्वरा चित्र काढत बसलेली, आत्या तिची वेणी घालत होत्या.

"पाच वाजून गेले. ठेव ते. मायची गाडी वळली की पयत जाजो."

"रंग तर भरू दे."

"रंग मंग. पहिले पयाचं, पक्की मिठी माराची. अन् तोंड हासरं ठेवजो. काल ठेवलं नाई तू."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली तसं दोघींनी पाहिलं. स्वराने आधी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी मान हलवली. मग ती धावत आली आणि तिने मला पक्की मिठी मारली, हसऱ्या तोंडाने.

तिला घरात पाठवून मी आत्यांना विचारलं, "कधीपासून?"

"चालाले लागली तवापासून," आत्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "इसरून जाते ना लेकरू. खेळाच्या नादात असते. आता मलकापूरले गेल्यावर कोण सांगन तिले? तुले तर सांगता येनार नाई. म्हनून पक्कं करून घेऊन राह्यली होती."

"पण कशाला?" मी जवळजवळ ओरडले.

त्या वेणीतले तुटलेले केस बोटाला गुंडाळत बसल्या. "मी वर्षाची होती. मायले पाठोपाठ जुळे झाले, तं मले उंद्री गावाले मावशीपाशी ठेवलं. पाचवं लागल्यावर माय न्याले आली. अंगनात उभी राह्यली, असे हात पसरून. मी मावशीच्या मांगं लपली. मावशी हासली. तिले बरं वाटलं ना. माय चहा पिऊन गेली."

"परत आलीच नाही?"

"आली ना. दर दिवाळीले येत जाय. पन हात नाई पसरले मंग कधी."

आत्या उठल्या आणि स्वराचे रंग डबीत भरायला लागल्या.

शनिवारी अर्जाची मुदत संपली. मी भरला नाही. नवऱ्याला सांगितलं, पोरीची शाळा मध्येच मोडायला नको. आता मी साडेपाचला येते, स्वरा धावत येते, आणि आत्या जाळीआडून पाहत असतात हे मला माहीत असतं. मला त्यांचा अजून हेवा वाटतो, पहिल्यापेक्षा जास्तच. कारण त्यांच्या जागी मी असते, तर त्या मावशीसारखी हसले असते.